इंग्रजीचा पेपर तपासून झाला, पण मूल शिकलं का?

एक उतारा वाचा: 'द ब्लिग वेंट टू द मोर्पा अँड बॉट अ झुन.' आता प्रश्न: 'व्हेअर डिड द ब्लिग गो?' ब्लिग, मोर्पा, झुन हे शब्द कुठल्याही कोशात सापडणार नाहीत, ते या लेखासाठीच बनवलेत. तरीही नववी-दहावीतली बहुतेक मुलं 'द ब्लिग वेंट टू द मोर्पा' असं बिनचूक लिहितील आणि तपासणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. 'व्हॉट डिड द ब्लिग बाय?' याचंही तेच. ब्लिग माणूस आहे की बैल, मोर्पा गाव आहे की दुकान, याचा पत्ता नसताना दोन गुण पदरात.

प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायची, ही युक्ती मुलांना वर्गात कोणी मुद्दाम शिकवत नाही. ती शिकवतो पेपर. वर्षानुवर्षं तशाच प्रश्नांना गुण मिळत गेले की मुलं वाचायचं सोडून हुडकायला लागतात. त्यात त्यांचा आळस कमी आणि व्यवहार जास्त असतो. जिथं गुण आहेत तिथं वेळ घालवायचा, एवढं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पक्कं कळतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे मराठी माध्यमातलं मूल दहावीला बसतं तेव्हा त्याची इंग्रजीची दहा वर्षं झालेली असतात. 'असर' या सर्वेक्षणाने २०२३ साली देशातल्या काही ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. उरलेल्यांनी अक्षरं वाचली, मजकूर नाही. ब्लिगच्या उताऱ्यावर गुण मिळवणारी मुलं ती हीच. आपल्या पेपरांना मात्र ही मुलं वेगळी काढता येत नाहीत.

पेपर बदलला म्हणून शिकवणं बदलतं का?

परीक्षेचा शिकवण्यावर परिणाम होतो हे सगळे मानतात. तो नेमका कुठं होतो याचा कसून शोध चार्ल्स आल्डरसन आणि डायन वॉल या अभ्यासकांनी श्रीलंकेत घेतला. तिथल्या शालान्त परीक्षेत इंग्रजीचा नवा, वाचन-लेखन कौशल्यांवर भर देणारा पेपर आला होता. या दोघांनी शाळांमध्ये जाऊन तास पाहिले आणि निष्कर्ष १९९३ साली मांडले. नव्या पेपरामुळे शिक्षक काय शिकवतात ते बदललं होतं. कसं शिकवतात ते जवळपास होतं तसंच राहिलं होतं.

आपल्याकडच्या कृतिपत्रिकेला हे निष्कर्ष नेमके लागू पडतात. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली ती पाठांतर कमी व्हावं, मुलाने स्वतः विचार करून लिहावं म्हणून. नुसत्या प्रश्नोत्तरांऐवजी तक्ते, जाळीच्या आकृत्या, माहितीचं रूपांतर, मतप्रदर्शन असे प्रकार आले. हेतू चांगला होता. पण झालं काय? गाइडमध्ये आकृत्यांची तयार उत्तरं आली आणि 'स्वतःचं मत' सुद्धा पाठ करून येऊ लागलं. कवितेचं रसग्रहण तर ठरलेल्या मुद्द्यांवर लिहायचं असतं: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. प्रत्येक कवितेसाठी ही माहिती चार-पाच वाक्यांच्या साच्यात बसवली की झालं काम. मूल ते वाक्य न वाक्य पाठ करतं आणि कविता वाचलीच नाही तरी चालतं. शिक्षकाला हा साचा मोडायचा असेल तर घटक चाचणीत पुस्तकाबाहेरची आठ ओळींची सोपी कविता द्यावी आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: कवीला इथं काय वाटतंय, आणि ते तुला कुठल्या ओळीवरून कळलं? पहिल्या वेळी निम्मा वर्ग कोरा कागद देईल. तिसऱ्या वेळी देणार नाही.

२० गुणांचा वादही याच अंगाने पाहायला हवा. दहावीला भाषांची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं असतं. २०१९ च्या परीक्षेला हे २० गुण काढून १०० गुणांचा लेखी पेपर घेतला गेला. एकूण निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मोठी ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून ८०:२० परत आलं. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर २० गुणांवर फोडता येत नाही. पण 'शाळा २० गुणांची खैरात करतात' आणि 'ते गुण नसतील तर पोरं नापास होतात' ही दोन्ही बाजूंची तक्रार ऐकताना एक गोष्ट राहूनच गेली. ऐकणं आणि बोलणं तपासायची सोय त्या २० गुणांतच होती. लेखी पेपराला ती करताच येत नाही. गुणांची खैरात होते ही अडचण खरी आहे, पण तोंडी परीक्षा नीट कशी घ्यायची हे ठरलं तर तिच्यावर इलाज आहे. त्याकडे पुढे येऊच.

वही तपासणं: लाल शाई किती?

शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि मुलाच्या सगळ्यात कमी कामी येणारं काम म्हणजे वह्या तपासणं. हिशेब करून बघा. वर्गात ६० मुलं, प्रत्येकाचा एक परिच्छेद वाचून दुरुस्त करायला ४ मिनिटं. झाली २४० मिनिटं, म्हणजे चार तास. तेही एका तुकडीचं एकच लेखन. हायस्कूलच्या शिक्षकाकडे अशा तीन-चार तुकड्या असतात. मग एकतर पानाखाली नुसती बरोबरची खूण आणि सही होते, नाहीतर रविवार जातो.

आता एका मुलाचा परिच्छेद पाहू. विषय, शाळेचं स्नेहसंमेलन: 'यस्टरडे माय स्कूल हॅव अ प्रोग्रॅम. ऑल स्टुडंट इज कम. चीफ गेस्ट गिव्ह स्पीच. वुई इज व्हेरी हॅप्पी अँड वुई क्लॅप.'

चार वाक्यांत दुरुस्तीच्या जागा आठ. 'हॅव', 'इज कम', 'गिव्ह', 'वुई इज' आणि 'क्लॅप' या पाच ठिकाणी भूतकाळ हवा होता. 'स्टुडंट'चं अनेकवचन राहिलं. 'चीफ गेस्ट'च्या आधी 'द' नाही आणि 'स्पीच'च्या आधी 'अ' नाही. सगळ्या आठ जागा खोडून वर बरोबर शब्द लिहिले तर पान लाल होतं. मूल ते बघतं, 'आपल्याला इंग्रजी येत नाही' एवढाच अर्थ काढतं आणि वही मिटतं. बरोबर शब्द शिक्षकाने लिहिलाय, मुलाला करायला काही उरलेलंच नाही. शिवाय आठ चुकांमधली पाचांची जात एकच आहे, हे त्याला दिसतही नाही.

याऐवजी असं करता येतं. या खेपेला फक्त काळ तपासायचा, हे लिहायला देतानाच वर्गात सांगायचं. चूक खोडायची नाही. ज्या ओळीत काळ चुकलाय त्या ओळीसमोर समासात 'का' लिहायचं. एका ओळीत दोन चुका असतील तर दोनदा. बाकीच्या चुकांना हात लावायचा नाही. (जड जातं. लाल पेन हातात असताना 'स्टुडंट'ला 'एस' न लावता पुढे जाणं भल्याभल्यांना जमत नाही.) अशा तपासणीला एका वहीमागे मिनिट-दीड मिनिट पुरतं. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं मुलांनी फक्त 'का' असलेली वाक्यं खाली पुन्हा लिहायची. शेजाऱ्याला विचारलं तरी हरकत नाही. शिक्षकाने फिरून बघायचं ते हेच दुसऱ्यांदा लिहिलेलं. ही दहा मिनिटं वगळली तर आधीची सगळी तपासणी वाया जाते, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत नेमकी तीच वगळली जातात.

पुढच्या लेखनाला अनेकवचन, त्याच्या पुढच्याला स्पेलिंग. आर्टिकल मात्र शेवटी ठेवावं, कारण मराठीत तसं काही नसल्याने ते सगळ्यात उशिरा अंगी लागतं आणि चुकलं तरी अर्थ सहसा बिघडत नाही. व्याकरणाच्या लेखी दुरुस्तीचा उपयोग होतो की नाही यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली ती सोडूनच द्यावी असं ठणकावून मांडलं, आणि डेना फेरिस यांनी त्याला विरोध केला. वर्गाच्या दृष्टीने पाहिलं तर सरसकट दुरुस्तीची बाजू घेणं अवघड आहे. ठरवून केलेली आणि मुलाकडून पुन्हा लिहून घेतलेली दुरुस्ती ही निराळी गोष्ट आहे.

पालकांची एक अडचण मात्र येते. वहीत चूक दिसते आणि बाईंनी ती दुरुस्त केलेली नाही, म्हणजे वही तपासलीच नाही असं त्यांना वाटतं. कधी मुख्याध्यापकांनाही वाटतं. यावर सोपा उपाय म्हणजे लेखनाच्या डोक्यावर 'आज तपासले: काळ' एवढं लिहिणं.

गुण, शेरा, की दोन्ही?

'५ पैकी ३, छान प्रयत्न, काळाकडे लक्ष दे.' हा शेरा आपल्याला आदर्श वाटतो. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळंच सांगतो. काही मुलांना कामावर फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. कारण समजायला कठीण नाही. गुण दिसले की मूल आधी शेजाऱ्याचे गुण विचारतं, शेरा वाचायचा राहतोच.

आपल्या शाळेत गुण द्यावेच लागतात, त्यातून सुटका नाही. पण ते वहीवर लगेच लिहायलाच हवेत असं कुठं आहे? गुण शिक्षकाने आपल्या नोंदवहीत टिपावेत, वहीवर फक्त शेरा द्यावा, आणि मुलाने दुरुस्ती करून दाखवली की मग गुण सांगावेत. शेऱ्यात काय लिहायचं यालाही अर्थ आहे. 'छान', 'समाधानकारक', 'प्रगती हवी' हे तिन्ही शेरे मुलाच्या काहीच कामाचे नाहीत. 'दुसऱ्या परिच्छेदात प्रमुख पाहुणे काय बोलले ते एका वाक्यात लिही' हा शेरा कामाचा, कारण तो वाचून मूल पेन उचलू शकतं.

पत्रलेखनाला गुण देताना एक खोड हमखास दिसते. पत्ता, तारीख, विषय, 'युअर्स फेथफुली' जागच्या जागी असलं की अर्धे गुण तिथंच दिले जातात. मग मुलं साचा घोटतात आणि मधला मजकूर कुठल्याही विषयाला तोच: 'आय ॲम व्हेरी हॅप्पी टू राइट धिस लेटर.' वर्गातल्या सरावासाठी पाच गुणांची वाटणी अशी करून बघावी: मांडणीला १, सांगायचं ते सगळं सांगितलं का याला २, वाचणाऱ्याला न अडखळता कळतंय का याला १, शब्द आणि व्याकरणाला १. ही वाटणी फळ्यावर लिहून मगच पत्र लिहायला द्यावं. तपासताना एका मुलाचा पूर्ण पेपर न संपवता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं जावं, नाहीतर पहिल्या पानावरच्या सुंदर अक्षराचे गुण शेवटच्या पानापर्यंत मिळत राहतात. एका शाळेत इंग्रजीचे दोन शिक्षक असतील तर पाच पत्रं दोघांनी वेगवेगळी तपासून गुण ताडून बघावेत. फरक पाहून दोघंही चकित होतील.

उतारा समजला का, हे मराठीतून विचारलं तर?

इथं बऱ्याच जणांच्या भुवया उंचावतील. पण विचार करा. अपठित उताऱ्याचा हेतू वाचून समजलं का हे पाहणं आहे. उत्तर इंग्रजीतूनच हवं म्हटलं की दोन गोष्टी एकत्र होतात, समजणं आणि लिहिणं. गुण कमी पडले तर अडलं कुठं ते कळत नाही. ज्याला उतारा समजला पण लिहिता येत नाही आणि ज्याला समजलाच नाही पण ओळ उचलता येते, त्यांतला दुसरा पुढे जातो. बोर्डाच्या पेपराला इलाज नाही. वर्गातल्या चाचणीत मात्र दोन प्रश्नांची उत्तरं खुशाल मराठीत मागावीत, किंवा चार चित्रांतलं योग्य चित्र निवडायला सांगावं. आणि निदान एक प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर कुठल्याच ओळीत आयतं नाही. 'दुकानदाराने पैसे परत का केले असतील?' असा.

छोट्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. चाचणी म्हणजे फक्त मोजमाप नव्हे, आठवून काढण्याने लक्षातही राहतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने एकदा वाचून एकदा आठवून लिहिणारे पुढे होते: ५६ टक्के विरुद्ध ४२ टक्के. म्हणून शब्दार्थ दहा वेळा लिहून आणायला लावण्यापेक्षा तासाच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातले पाच शब्द वही बंद ठेवून विचारावेत. गुण नाहीत, तपासायला वह्या गोळा करायच्या नाहीत. उत्तरं फळ्यावर, दुरुस्ती ज्याची त्याने करायची. गुण लावले की हीच गोष्ट बिघडते, कारण मुलं बाकाखाली पुस्तक उघडतात.

तोंडी परीक्षा

बऱ्याच शाळांत ती अशी होते: मूल टेबलापाशी येतं, 'माय नेम इज'पासून पाठ केलेली पाच वाक्यं म्हणतं, एखादी कविता म्हणतं आणि २० पैकी १८ घेऊन जातं. यात बोलणं कुठंच नाही. शिवाय हजेरीपटाच्या क्रमाने आणि सगळ्या वर्गासमोर घेतली तर शेवटच्या मुलाने तेच प्रश्न ५९ वेळा ऐकलेले असतात.

जोडीने घेतली तर चित्र पालटतं. दोघांना दोन वेगळी कार्डं द्यायची. एकाकडे पुणे–सातारा एसटीचं वेळापत्रक, दुसऱ्याकडे फक्त सूचना: दुपारी दोनच्या आत साताऱ्याला पोचायचंय, विचारून घे. जोडीला चार मिनिटं. ६० मुलांच्या ३० जोड्या, म्हणजे १२० मिनिटं, ३५ मिनिटांचे चार तास. सहा-सात प्रकारची कार्डं असली की मागच्या बाकाने ऐकलं तरी फरक पडत नाही. दरम्यान बाकीच्या वर्गाला वाचायचं काम द्यावं लागतं, नाहीतर गोंगाटात काही ऐकू येत नाही. गुण देताना उच्चारांपेक्षा हे बघावं: प्रश्न कळला का, हवी ती माहिती मिळाली का, आणि अडल्यावर काय केलं. 'कॅन यू से दॅट अगेन?' असं विचारणाऱ्या मुलाला गुण द्यायचे, कापायचे नाहीत. बोलणं चालू असताना मधेच उच्चार दुरुस्त करणं टाळावं. तसं केलं की पुढचं वाक्य येतच नाही, आणि बघणारी पुढची जोडीही गप्प होते.

श्रवणासाठी ध्वनिफितीची गरज नाही. शिक्षकाने १२० ते १५० शब्दांची सूचना किंवा प्रसंग नेहमीच्या वेगाने दोनदा वाचावा. प्रश्न आधी द्यावेत, म्हणजे कशासाठी ऐकायचं ते कळतं. उत्तर एका शब्दाचं, आकड्याचं किंवा खुणेचं असावं. चार ओळींचं उत्तर मागितलं की श्रवणाची परीक्षा पुन्हा लेखनाची होते.

नोंदींचं काय झालं?

आठवीपर्यंत महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधनं त्यात दिलेली आहेत. कल्पना अशी की शिकता शिकता दिसेल ते टिपायचं आणि त्यावरून पुढचं शिकवायचं. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या आणि 'इंग्रजी शब्दांचा उच्चार स्पष्ट करतो' ही नोंद गावोगावच्या रजिस्टरांत एकाच अक्षरवळणाने उतरली. दर महिन्याला ६० मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी मागितल्यावर दुसरं काय होणार?

खरी नोंद लांब नसते आणि ती रोज सगळ्यांची लागत नाही. एका तासाला पाच मुलं निवडावीत, आणि तास संपल्यावर प्रत्येकाबद्दल एक ओळ: 'प्रश्न समजतो, उत्तर एका शब्दात देतो, वाक्य करत नाही.' बारा तासांत वर्ग पूर्ण होतो. तीच ओळ पंचवीस मुलांपुढे आली तर पुढचा पाठ दोन दिवस थांबवून एका शब्दाचं वाक्य कसं करायचं याचा सराव घ्यायचा. सात-आठ मुलांपुढेच आली तर तेवढ्यांना उपचारात्मक तासाला घ्यायचं, बाकीच्यांना थांबवायचं कारण नाही. नववीत हीच मुलं समोर येतात तेव्हा आठवीच्या शिक्षकाकडून प्रगतिपुस्तक न मागता ही ओळींची वही मागून घ्यावी.